सिकलसेल घेऊन नागपुरात राहताना: घरी कधी थांबायचं, कॅज्युअल्टी कधी गाठायची

डिसेंबरची रात्र होती. पाचपावलीतल्या आमच्या घरात मी स्वयंपाकघरात पाटावर बसले होते, पाठीला गरम पाण्याची पिशवी लावून. बरगड्या ठणकत होत्या. थर्मामीटर १०१.४ दाखवत होता. आई आणि दादा आत झोपले होते. मी पॅरासिटामॉल घेतली, तासाभरात ताप उतरला, आणि ताप उतरला म्हणजे सकाळपर्यंत निभावेल असा हिशोब मी केला. सकाळी सहाला मला एक वाक्य सलग बोलता येईना. दवाखान्यात बोटाला मशीन लावलं तर ऑक्सिजन ८६. मला सिकलसेल आहे, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकून शिरांत अडकतात. या वेळी तो झटका फुप्फुसात आला होता, डॉक्टर त्याला अॅक्यूट चेस्ट सिंड्रोम म्हणतात. अकरा दिवस दाखल होते, त्यातले चार आयसीयूत. शुद्धीवर नीट आल्यावर आईचा पहिला प्रश्न होता, "काहून नाही उठवलं वं मले?"

ताप १०१ वर गेला की दवाखाना, हे मला शाळेत होते तेव्हापासून पाठ होतं. तरी रात्री तीन वाजता, दुखत असताना, घरच्यांची झोप मोडू नये म्हणून मी त्यातून पळवाट काढली. तेव्हापासून आमच्या घरी नियम आहे: हा निर्णय रात्री घ्यायचाच नाही. तो दिवसा, बरं असताना, डॉक्टरांसमोर बसून घ्यायचा आणि कागदावर उतरवायचा. रात्री फक्त कागद वाचायचा आणि त्यात लिहिलंय तसं करायचं.

ज्यांचा रिपोर्ट नुकताच 'एसएस' (म्हणजे प्रत्यक्ष आजार) आलाय, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी मी हे लिहिते आहे. 'एएस' म्हणजे वाहक. वाहकांना सहसा त्रास होत नाही; त्यांनी लग्नाआधी जोडीदाराची तपासणी करून घ्यावी. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळ एसएस होण्याची शक्यता २५ टक्के असते. आमच्या विदर्भात हा आजार घरोघरी ऐकू येतो, तरी "सांधे धरतात", "अंगात रक्त नाही" एवढ्यावरच वर्षं काढलेली कितीतरी माणसं मला ओपीडीच्या बाकावर भेटली आहेत.

१. आधी आपलं 'नेहमीचं' लिहून काढा

सिकलसेलवाल्याचं नॉर्मल हे पुस्तकातलं नॉर्मल नसतं. माझं हिमोग्लोबिन बरी असताना ८ च्या आसपास असतं. डोळे कायम थोडे पिवळट असतात. हे माहीत नसलेला डॉक्टर ८ बघून लगेच रक्त चढवायला काढतो, आणि गरज नसताना चढवलेल्या रक्ताने रक्त आणखी दाट होऊन त्रास वाढू शकतो. उलट ज्याचं नेहमीचं ९.५ आहे, त्याचं अचानक ७ झालं तर ती धावपळीची वेळ आहे. आकडा एकटा काही सांगत नाही, तो नेहमीपेक्षा किती घसरला ते सांगतं.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर, बरं वाटत असताना, एवढं लिहा: नेहमीचं हिमोग्लोबिन, नेहमीचा ऑक्सिजन, प्लीहा (पोटात डाव्या बरगडीखालचा अवयव, स्प्लीन) हाताला लागते का आणि किती, डोळ्यांचा पिवळेपणा नेहमी असतो का, रक्तगट, आजवर किती वेळा ब्लड चढवलं आणि कधी रिअॅक्शन आली होती का, कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे. ऑक्सिजन मोजताना बोटाला नेलपॉलिश किंवा गडद मेंदी नको, आकडा चुकतो. हात गार असतील तर आधी चोळून गरम करा.

लहान मुलांच्या आईवडिलांनी प्लीहा चाचपायला शिकून घ्यावं. डाव्या बरगडीच्या खाली, पोटावर बोटं सपाट ठेवून. ओपीडीत डॉक्टरांना किंवा सिस्टरला सांगा, "आमचा हात धरून दाखवा." एकदा नीट समजलं की रोज आंघोळ घालताना दोन सेकंदात बघून होतं. ती अचानक मोठी लागली आणि पोरगं पांढरंफटक पडलं, तर रक्त प्लीहेत अडकतंय. त्यात काही तासांत जीव जाऊ शकतो. परदेशातल्या एसएस मुलांची प्लीहा बहुतेक पाच वर्षांच्या आतच सुकून जाते. आपल्याकडच्या मुलांमध्ये ती पुष्कळदा मोठेपणीही राहते, म्हणून "आता मोठा झाला, तो धोका गेला" असं समजू नका.

२. एक डॉक्टर धरा आणि त्यांच्याकडून कागद लिहून घ्या

मेडिकल आणि मेयो (नागपुरातली दोन सरकारी मेडिकल कॉलेजांची रुग्णालयं), डागा, मिहानमधलं एम्स, नाहीतर धंतोली-रामदासपेठेतले एखादे रक्तविकारतज्ज्ञ. कुठेही जा, पण नियमित एकाच ठिकाणी जा. डागा स्मृती रुग्णालयात हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेलवाल्यांसाठी डे केअर आहे, आणि गरोदर एसएस बाईने तर पहिल्या महिन्यापासूनच मोठ्या रुग्णालयात नाव घातलं पाहिजे. हायड्रॉक्सीयुरिया (झटके कमी करणारी रोजची गोळी) चालू असेल आणि मूल हवं असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला.

पुढच्या ओपीडीत डॉक्टरांना एवढंच म्हणा: "दुखणं सुरू झालं तर घरी कोणती गोळी, किती, किती वेळाने, आणि कधी निघायचं, हे मला एका कागदावर लिहून द्या." ओपीडीत गर्दी असते, विचारायला संकोच वाटतो. मी आधीच चार ओळी लिहून नेल्या आणि डॉक्टरांनी फक्त आकडे भरून सही-शिक्का दिला. दोन मिनिटं लागली. त्या कागदाच्या तीन झेरॉक्स काढा. एक फ्रिजवर, एक पिशवीत, एक ऑफिसात किंवा शाळेत. मोबाइलमध्ये फोटोही ठेवा.

त्याच भेटीत लसींचंही विचारा. न्यूमोकोकल लस आणि दरवर्षीची फ्लूची लस आमच्यासारख्यांना महत्त्वाची, कारण सिकलमुळे प्लीहा काम करेनाशी होते आणि काही जंतूंशी लढायची ताकदच उरत नाही.

३. पिशवी भरून दाराजवळ टांगा

आमच्याकडे खाकी रंगाची जुनी कॉलेजची पिशवी आहे. दाराच्या खुंटीवर असते, तिला कोणी हात लावत नाही. तिच्यात:

- डॉक्टरांचा कागद आणि 'नेहमीचं' लिहिलेलं पान
- इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीचा (सिकलसेल आहे हे ठरवणाऱ्या रक्ततपासणीचा) मूळ रिपोर्ट, त्याच्या झेरॉक्स
- शेवटचा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), शेवटचं डिस्चार्ज कार्ड
- आधार आणि रेशनकार्ड यांच्या झेरॉक्स (महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेसाठी)
- दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड, असल्यास
- डिजिटल थर्मामीटर, ऑक्सिमीटर, जादाचे सेल
- चालू गोळ्या त्यांच्या मूळ पाकिटासकट
- पाण्याची बाटली, पायमोजे, पातळ शाल, चार्जर, पाचशे रुपये सुटे

पायमोजे विसरू नका. वॉर्डातल्या गार फरशीवर अनवाणी बाथरूमला जाऊन माझे पाय दुसऱ्यांदा धरले आहेत.

यूडीआयडीचं अनेकांना माहीत नसतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल हा दिव्यांगत्वाचा एक प्रकार म्हणून आहे. कार्ड बरं असताना काढा. आजारपणात त्याच्या रांगेत उभं राहवत नाही. रेशनकार्डावर रुग्णाचं नाव आहे का तेही आजच बघा. लग्न होऊन आलेल्या मुलींचं नाव माहेरच्या कार्डावरून कमी झालेलं असतं आणि सासरच्या कार्डावर चढलेलं नसतं, आणि हे कळतं ते नेमकं दाखल होताना.

४. दुखणं सुरू झालं: घरी काय करायचं

साधं दुखणं बहुतेक वेळा घरी सांभाळता येतं. माझा क्रम असा आहे.

आधी थर्मामीटर, मग गोळी. हा क्रम उलटा करू नका. पॅरासिटामॉल काय आणि आयबुप्रोफेन काय, दुखणं कमी करताना तापही खाली आणतात, आणि तुम्हाला वाटतं ताप नव्हताच. त्या डिसेंबरात मी तापच बघून गोळी घेतली, पण उतरलेला ताप मोजून स्वतःची समजूत घातली. गोळीआधीचा आकडा हाच खरा आकडा.

मग पाणी. घोटघोट, पण सतत. नुसतं पाणी जात नसेल तर ताक, लिंबू सरबत, पेज. मग शेक: गरम पाण्याची पिशवी किंवा तव्यावर गरम केलेलं फडकं. बर्फ अजिबात नाही. मुरगळलं असं समजून कोणीतरी प्रेमाने बर्फ लावतं, आणि गार लागल्याने शिरा आकसून दुखणं दुप्पट होतं. मग कागदावरची पहिली गोळी. वेळ वहीत लिहा. कागदावर दुसरी गोळी जेव्हा सांगितली आहे तेव्हाच ती घ्या. मेडिकल स्टोअरवाल्याने दिलेलं 'जोरदार' पाकीट घेऊ नका. दुखण्याच्या काही गोळ्या किडनीवर जातात आणि सिकलमध्ये किडनी आधीच नाजूक असते.

माझ्या कागदावर लिहिलंय: दोन्ही गोळ्या घेऊन दोन तास झाले आणि दुखणं अर्ध्यावरही आलं नाही, तर निघा. तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांना विचारा, पण काहीतरी आकडा असूच द्या. "बघू थोडा वेळ" याला अंत नसतो.

नागपूरच्या हवेबद्दल दोन गोष्टी. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, अंगातलं पाणी कधी आटतं कळत नाही, आणि पाणी आटलं की पेशी अडकतात. नवतपात, मेअखेरच्या त्या कडक नऊ दिवसांत, मी दुपारी बाहेर पडतच नाही, आणि लघवीचा रंग गडद दिसला की तांब्याभर पाणी पिते. पण दुसरा धोका घरातच असतो, तो म्हणजे कूलर. उन्हातून येऊन घामाच्या अंगाने कूलरच्या झोतासमोर बसलात तर रात्री पाय धरलेच समजा. कूलरची हवा भिंतीवर आपटून येईल असा फिरवून ठेवा. हिवाळ्यात इथे पारा दहाच्या खाली येतो, तेव्हा पहाटेची आंघोळ सोडा. होळीला गार पाण्याचे फुगे खेळणाऱ्या पोरांना आधीच सांगा, आणि नुसतं "खेळू नको" म्हणण्यापेक्षा कोरडा गुलाल हातात द्या.

आणखी एक सापळा: हिमोग्लोबिन कमी म्हणून लोहाच्या गोळ्या. सिकलमध्ये पेशी फुटतात म्हणून रक्त कमी असतं, लोह कमी असतं म्हणून नाही. आणि ज्याला वारंवार रक्त चढतं त्याच्या अंगात लोह उलट साचतं. तपासणी करून डॉक्टरांनी सांगितलं तरच लोह घ्या. फॉलिक अॅसिड ही वेगळी गोळी आहे, ती बहुतेकांना चालू असते.

५. हे दिसलं तर थांबायचंच नाही

ही यादी आमच्या फ्रिजवर लाल शाईने लिहिलेली आहे.

- ताप १०१ किंवा जास्त. गोळीने उतरला तरी. लहान मुलाला तर तासभरही थांबू नका.
- छातीत दुखणं, श्वास भरणं, खोकल्यासोबत ताप, किंवा ऑक्सिजन ९४ च्या खाली किंवा आपल्या नेहमीच्या आकड्यापेक्षा तीन-चारने कमी.
- तोंड वाकडं होणं, हातापायातली शक्ती जाणं, बोलणं अडखळणं, फिट येणं, अचानक कधी नव्हे इतकी डोकेदुखी, दिसेनासं होणं. लहान मुलांनाही सिकलमध्ये पक्षाघात होतो. कधी सुरू झालं ती वेळ लिहा.
- अचानक पांढरंफटक पडणं, गळून जाणं, धाप, डाव्या बाजूचं पोट फुगणं.
- डोळे नेहमीपेक्षा खूप पिवळे, लघवी काळपट.
- सतत उलटी, पाणी टिकत नाही.
- मुलगा किंवा पुरुष असेल तर लिंगाची ताठरता, दुखणारी, दोन तासांत न ओसरणारी.
- गरोदर असताना यातलं काहीही, किंवा नुसतं नेहमीचं दुखणंसुद्धा.

शेवटून दुसऱ्या मुद्द्यावर थोडं थांबते, कारण त्याबद्दल घरात कोणी बोलत नाही. पोरं बारा-तेरा वर्षांची झाली की वडिलांनी, काकांनी किंवा डॉक्टरांनी त्यांना हे स्पष्ट सांगावं: असं झालं तर ते आजारामुळे आहे, तुझी काही चूक नाही, रात्र असो की पहाट, आम्हाला उठव. लाजेखातर सकाळ होईपर्यंत पडून राहिलेल्या पोरांचं कायमचं नुकसान होतं.

तापाबद्दल लोक माझ्याशी सगळ्यात जास्त हुज्जत घालतात: "व्हायरल चालू आहे, सगळ्यांनाच आहे." असेलही. पण प्लीहा काम करत नसलेल्या अंगात न्यूमोकोकससारखा जंतू शिरला तर संध्याकाळचा साधा ताप पहाटेपर्यंत रक्तात पसरलेला असतो. व्हायरल आहे की नाही हे सीबीसी आणि ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते बघणारी तपासणी) झाल्यावर ठरेल, घरात बसून नाही.

६. जायचं कुठे आणि कसं

निघण्याआधी तीन गोष्टी बघा: तिथे रात्री डॉक्टर असतो का, आयसीयू आहे का, रक्तपेढी आत किंवा शेजारी आहे का. गल्लीतल्या नर्सिंग होममध्ये सलाईन लागून दोन तास जातात आणि मग "मोठ्या दवाखान्यात न्या" म्हणतात. ते दोन तास वाचवायचे असतात. ताप, छाती, पक्षाघात किंवा पांढरं पडणं असेल तर थेट मोठं ठिकाण. मेयो किंवा मेडिकल, जे जवळ असेल ते. दक्षिणेकडे, मिहान-बुटीबोरी भागात राहत असाल तर एम्स बघा.

१०८ ची अॅम्ब्युलन्स मोफत आहे. फोनवर पत्त्यासोबत ठळक खूण सांगा आणि "सिकलसेलचा पेशंट आहे, श्वास घेता येत नाही" असं पहिल्याच वाक्यात सांगा. श्वासाचा किंवा शुद्धीचा प्रश्न असेल तर दुचाकीवर मधे बसवून नेऊ नका. वाटेत ऑक्सिजन मिळणं हाच अॅम्ब्युलन्सचा अर्धा उपयोग आहे.

रस्ते आधी डोक्यात ठेवा. मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी इतवारी-महाल भागातून गाडी काढणं मुश्कील, आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या आजूबाजूचे रस्ते माणसांनी भरलेले असतात. या दिवसांत घरी कोणी आजारी असेल तर आम्ही आदल्या संध्याकाळीच कुठून जायचं ते ठरवून ठेवतो.

७. कॅज्युअल्टीत काय बोलायचं

केसपेपर काढायला एकाने रांगेत उभं राहावं, दुसऱ्याने पेशंटसोबत थेट आत जावं. दोघं नसतील तर सिस्टरला सांगा, ती सोय करते. आत गेल्यावर लांबलचक कहाणी नको. मी पाठ केलेली वाक्यं अशी आहेत: "मला सिकलसेल आहे, एसएस. नेहमीचं हिमोग्लोबिन ८. ताप १०१.४, रात्री अडीचला मोजला. छातीत उजवीकडे दुखतंय. घरी या गोळ्या या वेळी घेतल्या. हा डॉक्टरांचा कागद." एवढ्याने डॉक्टरचं अर्धं काम होतं.

दुखण्याचं औषध मागताना घाबरू नका. एका ठिकाणी मला "इंजेक्शनची सवय लागलीय का?" असं विचारलं गेलं होतं. मी उभी राहू शकत नव्हते, आणि तो प्रश्न दुखण्यापेक्षा जास्त लागला. सिकलच्या दुखण्यात रुग्ण आल्यापासून तासाभरात औषध मिळावं आणि नंतर दर अर्ध्या-एक तासाने पुन्हा बघावं, असं रक्तविकारतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तेव्हा शांतपणे म्हणा: "माझ्या कागदावर कोणतं औषध चालतं ते लिहिलं आहे, कृपया बघा." नातेवाइकाने म्हटलं तर जास्त बरं. दुखणाऱ्या माणसाचा आवाज चढतो आणि त्याचा गैरअर्थ निघतो.

रक्त चढवायचं ठरलं तर दोन प्रश्न विचारा: नेहमीपेक्षा किती कमी झालंय, आणि आधीच्या रिअॅक्शनची माहिती रक्तपेढीला दिली का. दाखल होतानाच जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला (योजनेची कागदपत्रं बघणाऱ्या माणसाला) भेटा. डिस्चार्जच्या दिवशी भेटून उपयोग नसतो.

८. घरी आल्यावर

डिस्चार्ज कार्ड घेताना तिथेच उभं राहून वाचा. हायड्रॉक्सीयुरिया चालू ठेवायची की थांबवायची, पुढचा सीबीसी कधी, हे लिहिलेलं नसेल तर लिहून मागा. आठवडाभरात आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. रुग्णालयातून येऊन पहिले काही दिवस झटका उलटू शकतो, म्हणून पिशवी त्याच संध्याकाळी पुन्हा भरा.

आणि वहीत लिहा: कधी सुरू झालं, आधी काय झालं होतं, कधी निघालो, किती वाजता औषध मिळालं. माझ्या वहीत त्या डिसेंबरच्या पानावर आईने तिच्या अक्षरात एक ओळ घातली आहे, "रात्री ३ ते ६, उठवलं नाही." त्यानंतर मी दोनदा तिला उठवलं. एकदा ताप साधा निघाला आणि पहाटे पाचला आम्ही मेयोसमोर चहा पिऊन परत आलो. त्या पानावर तिने "उठवलं" एवढंच लिहिलंय.